अप्पा डोळे तपासायला गेले तेव्हा

३ एप्रिल

आई,

फोन केला की तुम्ही माझा आवाज ओळखता आणि ठेवून देता. तीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून साऱ्या जगाचे फोन जोडून दिलेत, माझा तेवढा तोडता. असो. पत्राचं बरं असतं. ते तोडता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस एकदा नजर टाकतोच. त्या एका नजरेच्या भरवशावर लिहितेय.

अप्पा सुखरूप पोचले. बसस्टँडवर मी आणि ठमी घ्यायला गेलो होतो. बसमधून उतरले ते कंडक्टरशी बोलतच. खिशात तुमची चिठ्ठी होती, ती मी वाचली. ‘डोळे तपासून झाले की लगेच परत पाठवणे. गोड देऊ नये. गप्पांत गुंतवू नये.’ पहिल्या दोन सूचना मी पाळीन. तिसरी कशी पाळायची तेही लिहायला हवं होतंत. चाळीस वर्षं संसार करून तुम्हाला जमलेलं नाही, मला कुठून जमणार?

काल त्यांना दवाखान्यात नेलं. मी ज्या खोलीत लोकांचे नंबर तपासते तिथल्याच खुर्चीत बसवलं. समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली, तर वाचता वाचता म्हणाले, “शेवटच्या ओळीतला छपाईचा दर्जा चांगला नाही.” डाव्या डोळ्याचा नंबर किंचित वाढलाय. बाकी काही नाही, पण डॉक्टर म्हणाले की थेंब घालू आणि चार-पाच दिवस लक्ष ठेवू. त्यामुळे त्यांना परत यायला जरा उशीर होईल. काळजी करू नका.

ठमी उंच झालीय. तुमच्या खांद्याला लागेल आता.

अक्षर हलतंय, टेबल पक्कं नाहीये.

तुमची सून


५ एप्रिल

आई,

माझ्या पोटात खोटं टिकत नाही. दोन दिवस टिकलं हेच पुष्कळ झालं.

ते टेबल नव्हतं. गाडीचं बॉनेट होतं, आणि ते हलत होतं कारण अप्पा मागच्या बाजूला पिशव्या कोंबत होते. डॉक्टर थेंबांचं काही बोलले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, “ठणठणीत आहेत, घेऊन जा.” मी घेऊन गेले, फक्त तुमच्याकडे नाही.

आता सगळं सांगते. ठमीच्या पुस्तकात एका जुन्या मळ्यावर धडा आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा मळा, दगडी घर, पाणचक्की, गोठे, सगळं जसंच्या तसं राखलेलं. एक संस्था तो चालवते. तिथे ट्रॅक्टर नाही, मोटर नाही. नांगराला घोडे आहेत. बघायला गेलेल्या माणसांनी नुसतं बघायचं नाही, हाताला लागेल ते काम करायचं. गोठ्याच्या वरच्या खोल्यांत राहताही येतं. थंडीपासून पोरीनं माझ्या डोक्याची मंडई केली होती, “जाऊ या, जाऊ या.” मी जुनी गाडी घेतल्यापासून तर काही विचारू नका. हो, मी गाडी शिकले. हेही तुम्हाला माहीत नव्हतं.

हे सगळं ठमीनं अप्पांना फोनवर सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी अप्पांना डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं.

कट कोणाचा हे विचारू नका. ठमी दहा वर्षांची आहे आणि अप्पा ठमीपेक्षा लहान आहेत. म्हणजे शेवटी माझ्याच नावावर येणार. येऊ दे.

प्रवासाचं सांगते. अप्पा माझ्या शेजारी बसले, मांडीवर नकाशा पसरून. मोबाइलवर रस्ता बघू या म्हटलं तर त्यांचा चेहरा पडला. “तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी,” म्हणाले. नकाशाप्रमाणे नदी आमच्या उजव्या हाताला हवी होती. ती डाव्या हाताला आली. मी म्हटलं, “अप्पा, आपण चुकलो.” त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, परत नकाशा बघितला आणि म्हणाले, “नदी चुकलीय.” मागे ठमी लोळायची बाकी होती.

एका चढावर गाडी बंद पडली. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. माझ्या हातून गाडी सुरूच होईना. अप्पा शांतपणे म्हणाले, “वाजवू दे. त्याच्याकडे तेवढंच आहे वाजवायला. तू सावकाश घे.” घेतली सावकाश. निघाली गाडी.

मग बराच वेळ दोन्हीकडे नुसती झाडं होती आणि सरळ रस्ता. तेव्हा अप्पा बोलले, “त्याला हा रस्ता आवडला असता.”

आई, ते गेल्यापासून दोन वर्षांत अप्पांच्या तोंडून त्यांचा विषय मी पहिल्यांदा ऐकला. मी समोर बघून चालवत राहिले. ठमीनंच मागून विचारलं, “बाबा गाडी जोरात चालवायचे का हो अप्पा?”

“जोरात?” अप्पा म्हणाले. “तुझ्या बाबाच्या सायकललासुद्धा ब्रेक माहीत नव्हता.” आणि पुढचा तासभर ते आणि ठमी बोलत होते. मी फक्त ऐकत होते.

दुपारी पोचलो. खोली छोटी आहे, छत तिरकं आहे, अप्पांनी डोकं आपटून घेतलंय, विशेष काही नाही. खाली गाई रवंथ करतात ते वर ऐकू येतं. मळ्याची व्यवस्था बघणाऱ्या एक बाई आहेत, पन्नाशीच्या, गुडघ्यापर्यंत बूट. अप्पांनी तासाभरात त्यांचं नाव कारभारीणबाई ठेवलं आणि त्यांनीही ते हसून घेतलं.

रागावला असाल. रागावा. पण अप्पांच्या गोळ्या वेळेवर चालल्यात आणि गोड मी देत नाहीये.

तुमची सून


७ एप्रिल

आई,

आज जे झालं ते सांगायला बसलेय, पण त्याच्या आधीचंही सांगावं लागेल. ते मी एक वर्ष गिळून ठेवलंय. तेव्हा हे पत्र बसून वाचा.

इथे लोण्याची एक वेगळी खोली आहे. जाड भिंती, बारीक खिडकी, भर दुपारी थंडगार. मधे एक लाकडी पिंप आडवं टांगलेलं, त्याला हँडल. आत साय घालायची आणि फिरवत राहायचं. आळीपाळीनं करायचं काम. सकाळी ठमीची पाळी होती. अप्पा बाजूला उभे राहून सूचना देत होते, काम करण्यापेक्षा तेच त्यांना जास्त येतं. तेवढ्यात पिंपाचं झाकण निसटलं. सगळी साय उडाली ती नेमकी अप्पांच्या तोंडावर. चष्मा पांढरा, मिश्या पांढऱ्या. आणि त्या अवस्थेत ते गंभीरपणे म्हणाले, “सूनबाई, डोळ्यांत थेंब गेले गं.”

ठमी हसली. अशी हसली की खाली बसली, पोट धरलं, परत उठली आणि परत बसली. कारभारीणबाई धावत आल्या, काय झालं म्हणून.

आणि आई, ती हसताना तिनं कुणाकडेही बघितलं नाही.

तुम्हाला यात काय एवढं, असं वाटेल. सांगते.

ते गेल्यानंतर घर गप्प झालं. ते होणारच होतं. तुमचा मुलगा गेला होता, एकुलता एक, सकाळी चहा पिऊन कामावर गेलेला माणूस संध्याकाळी परत आला नाही. तुम्ही रेडिओ बंद केलात, खिडकीचे पडदे लावलेत, त्यांच्या खोलीला कुलूप घातलंत. मलाही तेच हवं होतं तेव्हा. पण महिने गेले. एक दिवस ठमी शाळेतून आली आणि मैत्रिणीची काहीतरी गंमत मला सांगत होती. सांगता सांगता हसली. हसली आणि पटकन वळून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खुर्चीत बसला होतात. तुम्ही मान दुसरीकडे वळवलीत. तिनं तोंडावर हात ठेवला.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. दर वेळी तसंच. ओठ जरा हलले की आधी तुमच्याकडे नजर, मग हात तोंडावर. पुढे पुढे नजर टाकायचीही गरज उरली नाही. हसणंच बंद झालं. नऊ वर्षांची पोर, आई.

तुमचा दोष म्हणून सांगत नाहीये. तुम्ही तिला कधी वावगं बोलला नाहीत. तिच्या वेण्या घालताना तुम्ही किती जपून फणी फिरवायचात ते मी बघितलंय. पण मी त्या घरात राहिले असते तर ती तशीच मोठी झाली असती. म्हणून ही नोकरी बघितली. बदली वगैरे काही नव्हतं, मी स्वतः अर्ज केला होता. तुम्हाला सांगितलं की तिकडे पुढे जायला वाव आहे. तुम्ही दारात म्हणालात, “आज गेलीस तर हे दार विसर.” मला वाटलं, खरं सांगितलं तर तुम्ही मोडून पडाल, त्यापेक्षा माझ्यावर रागावलेल्या बऱ्या. राग माणसाला उभं तरी ठेवतो.

आता वाटतं, तुम्ही उभ्या आहात आणि एकट्या आहात. त्याचा काय उपयोग?

सकाळी दूध न्यायला गाडी येते. हे पाकीट तिच्याबरोबर जाईल. द्यावं की नाही ते ठरत नव्हतं. ठमीला विचारलं, “आजीला पत्र पाठवू का?” तर म्हणाली, “त्यात लिही की मला लोणी काढता येतं.”

तिला लोणी काढता येतं.

तुमची सून


१४ एप्रिल

आई,

आजवर मी तुम्हाला घरच्या पत्त्यावर लिहीत होते, आज पहिल्यांदाच मळ्याच्या पत्त्यावर लिहितेय. तुम्ही आणि पाय मोडलेले अप्पा तिकडे, मी आणि ठमी इकडे. पाकिटावर पत्ता लिहिताना मलाच हसू आलं.

आम्ही व्यवस्थित पोचलो. वाटेत गाडी एकदाही बंद पडली नाही. नदी उजव्या हाताला होती. ठमीनं आल्या आल्या शेजाऱ्यांना बोलावून अप्पांच्या प्लॅस्टरवरच्या चित्रांचं वर्णन केलं. आज शाळेत गेलीय, मी दवाखान्यात जाऊन आले. घर फार शांत वाटतंय, पण वाईट नाही.

आपण तिथे बरोबर होतो ते दोन दिवस अप्पांच्या पायाबद्दलच बोललो. सूज किती, गोळ्या कुठल्या, पाय कशावर ठेवायचा. बोलायचं ते थोडंसंच बोललो. म्हणून आता, तुम्ही जे बघितलंत तेच मला कसं दिसलं, ते लिहिते.

अप्पा पडले त्याचं सांगायला नकोच. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं गवताच्या माळ्यावर शिडीनं चढायचं नसतं, ते त्यांना सगळ्यांनी सांगून झालंय. वरून आजूबाजूचा प्रदेश नीट दिसेल म्हणत होते. मी घोट्याला हात लावला तेव्हा ओरडले, आणि त्यानंतरचं पहिलं वाक्य काय? “हिला कळवू नका.” मी डॉक्टरांना शोधायला गाडी काढली, आणि ठमीनं तोवर कारभारीणबाईंच्या ऑफिसातून तुम्हाला फोन लावला. मला कुणी विचारलंही नाही. ती सांगत होती की तुम्ही एकामागून एक प्रश्न विचारलेत: कुठला पाय, शुद्धीवर आहेत का, रक्त आहे का, जवळचं गाव कुठलं, बस कुठे थांबते. मग म्हणालात, “ठीक आहे. लाइन मोकळी ठेव.” ती फोनजवळ किती वेळ बसून होती, लाइन मोकळी ठेवून.

तुम्ही दुधाच्या गाडीतून आलात. पुढच्या सीटवर, ताठ, मांडीवर पिशवी, हातात छत्री. मी ठमीचा हात धरून फाटकाशी उभी होते. गाडी थांबली, तुम्ही उतरलात, आणि तुमच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात मला माझं पाकीट दिसलं. कात्रीनं नीट कापलेलं. तेव्हा मला कळलं की तुम्ही वाचलंय, आणि मला धड तुमच्याकडे बघवेना.

तेवढ्यात ते हंस आले. हंस म्हटलं की जो रुबाब डोळ्यांपुढे उभा राहतो तो यांच्यात औषधालाही नाही. मान पुढे, पंख बाजूला, आणि कलकलाट असा की कानठळ्या बसाव्यात. नव्या माणसाला ते सोडत नाहीत. आम्हालाही पहिल्या दिवशी पळवलं होतं. मी “आई, बाजूला व्हा” म्हणेपर्यंत तुम्ही छत्री उगारून एक्स्चेंजच्या जुन्या आवाजात ओरडलात,

“एका वेळी एकानंच बोला!”

ठमी फुटली. फिस्स करून, नाकातून, न राहवून. आणि पुढच्याच क्षणाला तिनं तुमच्याकडे बघितलं आणि हात तोंडावर ठेवला.

मी तिच्या शेजारी होते. मला ते दिसलं. आणि तुम्हालाही दिसलं, ते मी तुमच्या तोंडावर बघितलं. पत्रात वाचणं वेगळं. तुम्ही तशाच उभ्या राहिलात, छत्री अर्धवट वर. मला वाटलं आता तुम्ही मान वळवाल. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत. ठमीला म्हणालात, “थांबलीस का? अजून संपलं नाही.”

आणि तुम्ही त्या हंसांच्या दिशेनं चालत गेलात.

आई, तुम्ही मुद्दाम गेलात. मला माहीत आहे. तो सगळ्यात मोठा, ज्याला अप्पा फौजदार म्हणतात, त्यानं तुमच्या छत्रीचं टोक धरलं. तुम्ही ओढलंत, त्यानं ओढलं. “सोड! नंबर चुकलाय तुझा!” म्हणालात. मग छत्री उघडली, फट्कन, तो दचकला, तुम्हीही दचकलात, आणि तुम्ही पळालात. मी तुम्हाला कधी पळताना बघितलं नव्हतं. तुम्ही पुढे, मागे फौजदार, त्याच्या मागे बाकीची पलटण, आणि वरच्या खिडकीतून अप्पा प्लॅस्टरचा पाय विसरून ओरडतायत, “डावीकडे! अगं डावीकडे!” तुम्ही उजवीकडे गेलात, म्हणून वाचलात.

ठमी मातीत बसून हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या. ती तुमच्याकडेच बघत होती, पण आता विचारायला नाही.

नंतर तुम्ही पाणचक्कीच्या मागे गेलात. मला वाटलं यावं तुमच्या मागे. आले नाही. तुम्ही भिंतीला टेकून रडत होतात ते मी लांबून बघितलं आणि परत फिरले. बरोबर केलं की चूक ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी लोण्याच्या खोलीत तुम्ही आपणहून आलात. मी हँडल फिरवत होते. तुम्ही म्हणालात, “सरक. माझी पाळी.” मी हँडल सोडलं. मग तुम्ही म्हणालात,

“मला सांगायला हवं होतंस.”

मी म्हटलं, “सांगितलं असतं तर काय केलं असतंत?”

“तुला खोटी ठरवली असती. घराबाहेर काढली असती.”

“मग?”

“मग काय? गेलीच होतीस की. पण मला एक वर्ष आधी कळलं असतं.”

तुम्ही पुढे म्हणालात, “मी रागावले होते तुझ्यावर, की हिला एवढ्या लवकर कसं पुढे जाता येतं. हिला काही वाटतच नाही की काय.” मी म्हटलं, “गाडी शिकताना मी रोज रडायचे. शिकवणारा म्हणायचा, बाई, आधी डोळे पुसा, मग आरसा बघा.” तुम्ही हँडल थांबवलंत, माझ्या दंडाला धरलंत, घट्ट. सोडलंत आणि परत फिरवायला लागलात. लोणी त्या दिवशी फार चांगलं आलं होतं.

त्यांच्या खोलीचं कुलूप काढा असं मी म्हणत नाही. ते तुमचं आहे.

डॉक्टर म्हणाले तसं पंधरा दिवस पाय हलवू देऊ नका. कारभारीणबाईंनी तुम्हाला ऑफिसातल्या फोनवर बसवलंय असं ठमीला अप्पांकडून कळलं. म्हणे त्यांची नेहमीची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर आहे. हे खरं आहे का? अप्पांच्या बातम्या नेहमी तपासून घ्याव्या लागतात.

तुमची सून


२३ एप्रिल

सूनबाई,

पत्र मिळालं. खरं आहे. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. इथली फोनची पद्धत अगदीच ढिसाळ होती. लोक फोन करून विचारतात, ‘घोडे चावतात का?’ आणि ही कारभारीण त्यांना अर्धा तास घोड्यांचा इतिहास सांगते. मी सांगते, ‘एक चावतो. लांब उभे राहा. किती माणसं आणि कुठली तारीख?’ संपलं. कारभारीण म्हणते, असं काम तिनं बघितलं नाही. बघितलं असतं कुठून?

यांचा पाय बरा आहे. तोंड तर पहिल्यापासूनच बरं आहे. रोज कुबड्या घेऊन शाळेच्या सहलींना मळ्याचा भूगोल समजावतात. काल एका वर्गाला त्यांनी पाणचक्की दाखवायला नेलं आणि सगळे गोठ्यात पोचले. पोरं खूश होती.

तू माझ्या मागे चक्कीपाशी आली नाहीस ते बरोबर केलंस. आली असतीस तर मी तुझ्यावर ओरडले असते आणि मग पुढचं काहीच झालं नसतं.

मला लांबलचक लिहिता येत नाही. तुला येतं. पण एक गोष्ट सांगायची आहे.

परवा दुपारी फोन नव्हते. कारभारीण बूट काढून बसली होती, मी बसले होते. तिनं विचारलं, तुमचा मुलगा कसा होता? अशी सरळ विचारते ती, गाईचं विचारावं तशी. मला वाटलं उठून जावं. उठले नाही. आणि मी तिला जे सांगितलं ते मी दोन वर्षांत मनातसुद्धा आणलेलं नव्हतं.

तो सात वर्षांचा असेल. शाळेला सुट्टी होती म्हणून त्याला कामावर घेऊन गेले होते. मी पाणी प्यायला उठले, मिनिटभर. यानं माझ्या खुर्चीत बसून एक वायर काढली आणि दुसरीकडे खोचली. मोठ्या डॉक्टरांचा फोन होता, त्यांना वॉर्ड हवा होता. जोडला गेला लाँड्रीला. डॉक्टर घाईत असायचे, कोण बोलतंय ते विचारायचे नाहीत. म्हणाले, “कालचे सगळे कसे आहेत?” लाँड्रीवाला म्हणाला, “मस्त आहेत साहेब. धुतले, पिळले, आता दोरीवर वाळत घातलेत.”

डॉक्टर म्हणाले, “आणि तो सात नंबरचा?”

“तो फाटलाय साहेब. पण शिवून देतो.”

डॉक्टर धावत वॉर्डात गेले होते. मला मेमो मिळाला. आणि हा टेबलाखाली बसून तोंडात रुमाल कोंबून हसत होता. मी त्याला ओढून बाहेर काढलं, मारायला हात उचलला, आणि मलाच हसू आवरेना. आम्ही दोघं टेबलाखाली बसून हसत होतो आणि वर सगळ्या लाइनी वाजत होत्या.

सांगताना मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. कारभारीण बाकावरून खाली पडायची बाकी होती. मीसुद्धा हसले. पोट दुखेपर्यंत. मग यांना जाऊन सांगितलं, तर हे म्हणाले, मला हे कधी सांगितलंच नव्हतंस. खरंच, मेमोच्या लाजेनं नव्हतं सांगितलं.

रविवारी यांचं प्लॅस्टर निघेल. गाडी घेऊन ये. तिकडे आठ दिवस राहीन म्हणते, जागा कमी असेल तर हे हॉलमध्ये झोपतील. मागच्या सीटवर मी आणि ठमी बसू, यांना पुढे बसू दे, पण नकाशा माझ्याकडे राहील.

लाँड्रीची गोष्ट तू आताच ठमीला सांगू नकोस. मी गाडीत सांगीन. तूही ऐक, फक्त चालवताना रस्त्याकडे बघ.

आई